उलट्या दिवाणखान्यातले बिवलकर सर

बिवलकर सर गेले त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या सुमेधाताईंचा फोन आला.

"तू त्यांच्या हाताखाली काम केलंयस ना? स्मरणिकेसाठी लिही काहीतरी. आणि हे बघ, चांगलं तेवढंच लिही."

"ताई, पाहिलं तेवढं लिहीन," मी म्हटलं.

"म्हणजे तेच की."

तेच नव्हतं. पण ताई घाईत होत्या, त्यांना दुसरा फोन येत होता, म्हणून मी फोन ठेवला. माणूस गेला की फोटोला हार घालायचा आणि स्वभावाला साखर लावायची, असा आपल्याकडं रिवाज आहे. मला तो जमत नाही. बिवलकर सर मला जिवंतपणी आवडत नव्हते. ते गेले म्हणून मी माझं मत का बदलावं?

न्यू जर्सीत जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारी एक लहानशी फर्म आहे, तिथं मी एमएस संपल्या संपल्या लागले. मालकीण मेग नावाची अमेरिकन बाई, पण कामाचा कारभार सगळा सरांच्या हातात. इंटरव्ह्यूही त्यांनीच घेतला. उंच, ताठ, पांढरे केस मागं वळवलेले, आणि जुलै महिन्यात अंगात लोकरीचं जाकीट. माझ्या हातातली फाईल त्यांनी उघडलीच नाही.

"गाव?"

"लातूर."

"वडील काय करतात?"

"एसटीच्या डेपोत मेकॅनिक."

"बरं. म्हणजे घरात तूच पहिली." हे त्यांनी असं म्हटलं, की जणू मला काहीतरी झालंय आणि ते त्यांनी नाडी बघून ओळखलं. मी म्हटलं, "हो, पहिली. आणि फर्स्ट क्लासमध्ये." ते हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'लातूर' झाले. "लातूर, ती शिडी आण." "लातूर, तुझा जिना कुठं चाललाय, आकाशात?" माझं नाव त्यांना येत नव्हतं असं नाही. पगाराच्या कागदावर ते बरोबर लिहायचे.

सरांचं 'आपल्याकडं' हे एक प्रकरणच होतं. चार मराठी माणसं अमेरिकेत जमली की 'आपल्याकडं' म्हणजे पुणं, मुंबई, फार तर नागपूर. सरांचं 'आपल्याकडं' म्हणजे इंग्लंड. "आपल्याकडं चुन्यात कुणी सिमेंट घालत नाही." "आपल्याकडं ओक कसा ओलाच कापतात." मी आधी चक्रावले. मग कळलं, की तरुणपणी ते यॉर्कला एका वर्षाचा कोर्स करून आले होते. जन्म पुण्यातला, हयात न्यू जर्सीत, आणि मन त्या एका वर्षात अडकलेलं. त्या वर्षाची ते इतकी आठवण काढायचे, की मधली सगळी वर्षं कुणा दुसऱ्याच माणसानं जगून काढली असावीत असं वाटायचं.

एका वर्षी मंडळानं त्यांना गणपतीचं मखर करायला सांगितलं. सरांनी थर्माकोलचा इंग्रजी दिवाणखाना उभा केला. काळ्या तुळया, पांढऱ्या भिंती, उतरतं छप्पर, धुराडंसुद्धा. काम सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण गणपती बसवायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, मूर्ती मधोमध नाही ठेवायची, वरच्या टोकाला ठेवायची, मालकाची जागा तिथंच असते, समोरच्या टोकाला नोकरांचं दार. एक काकू हातात निरांजन घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो बिवलकर, मग आम्ही आरती कुठून करायची? नोकरांच्या दारातून?" सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "तांत्रिकदृष्ट्या, हो."

आता एका घराबद्दल सांगायला हवं, कारण सरांचं खरं घर तेच होतं. एडिसन गावातलं त्यांचं टाउनहाउस मी पाहिलंय. तिथं पडदेसुद्धा धड नव्हते.

आमच्या ऑफिसपासून तासाभरावर टेकडीवर एक मॅनर आहे. मॅनर म्हणजे इंग्लंडातल्या गावच्या जमीनदाराचं राहतं घर. हे अस्सल इंग्लंडातलं, काही शतकांपूर्वीचं. गेल्या शतकात बटणांच्या एका अमेरिकन कारखानदारानं ते विकत घेतलं, तुळई न तुळई, दगड न दगड सुटा करून जहाजानं इकडं आणला आणि न्यू जर्सीच्या टेकडीवर पुन्हा जोडून घेतला. आता एक ट्रस्ट ते सांभाळतो. आठवडाभर शाळांच्या सहली, शनिवार-रविवारी लग्नं. डागडुजीचं काम आमच्या फर्मकडं.

घराचा जीव म्हणजे मधला मोठा दिवाणखाना. वर सीलिंग नाही. मान वर केली की थेट ओक लाकडाच्या काळ्याभोर कैच्या दिसतात, ओळीनं पाच. छपराचा भार पेलणारा तो त्रिकोणी सांगाडा, त्याला आपले सुतार कैची म्हणतात. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सर शेजारी उभे होते. म्हणाले, "बोलू नको. आधी बघ. घर कुणी बांधलं हे नंतर, घरात कोण कुठं बसायचं ते आधी बघ."

आणि मग त्यांनी ते वाचून दाखवलं. वाचूनच म्हणते. एका टोकाला एका पायरीचा लाकडी चौथरा, तिथं मालकाचं टेबल. चौथऱ्याच्या बाजूला भिंतीच्या बाहेर आलेली उंच खिडकी, म्हणजे उजेड मालकाच्या ताटावर. समोरच्या टोकाला कोरीव लाकडी पडदी. तिच्यामागं बोळ, आणि बोळात स्वयंपाकघराची, कोठीची दारं. वाढपी तिकडून यायचे, गडीमाणसं तिकडच्या बाकांवर जेवायची. एक टोक वरचं, एक खालचं. "हे इंग्लंड आहे," सर म्हणाले. "इथं भिंतसुद्धा माणसाला त्याची जागा सांगते." ते हे सांगत असताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला त्या दिवशी कलेचा आनंद वाटला. पुढं वाटेनासा झाला.

कारण सर ते नुसतं सांगायचे नाहीत, वागायचे. साइटवर जेवणाची सुट्टी झाली की ते आपला डबा घेऊन चौथऱ्यावरच्या टेबलाशी एकटे बसायचे. पोळी-भाजी, पण काट्या-सुरीनं. पोळीचे चौकोनी तुकडे कापून त्यावर भाजी ठेवायचे. आम्ही ज्युनिअर लोक पडदीजवळच्या बाकावर. एकदा मी डबा घेऊन वर गेले, तर त्यांनी सुरी खाली ठेवली. "लातूर, हे घर आपल्याला काहीतरी शिकवतंय. शिकावं."

"काय शिकवतंय सर?"

"कुठं बसावं."

मी तिथंच बसले आणि जेवले. डबा संपेपर्यंत उठले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बाकावर बसले. त्यांच्या भीतीनं नव्हे, त्यांच्या तोंडाकडं बघत जेवण जाईना म्हणून. बाकावर संगत चांगली होती. तिथं नितीन असायचा.

नितीन वानखेडे नागपूरचा. आमच्याकडं ड्रॉइंगचं काम करायचा. व्हिसा फर्मच्या नावावर, बायको प्राजक्ता डिपेंडंट म्हणून आलेली, तिला इथं नोकरी करता येत नव्हती, आणि चार वर्षांची ओवी. म्हणजे त्या घरातले तिघं अमेरिकेत राहत होते ते नितीनच्या या एका नोकरीच्या आधारावर. हे सरांना ठाऊक होतं. ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

नितीन कमी बोलायचा आणि बोलला तर हसवायचा. "मॅडम, साहेब पोळी कापून राहिले पाहा. ऑपरेशन सक्सेसफुल होते का पेशंट दगावते?" सर त्याला 'नागपूर' म्हणायचे. नितीनला त्याचं काही वाटत नसे. "म्हणू दे ना. त्यांना तेवढाच नकाशा येते."

सरांनी मला पुष्कळ शिकवलं, हे मी नाकारत नाही. गिलाव्यावर पडलेली सावली पाहून मागं ओल आहे हे कसं ओळखायचं. पट्टी न लावता भिंतीची जाडी हातानं कशी काढायची. लाकडावर बोटाचं पेर आपटून आवाज कसा ऐकायचा. आजही जुन्या इमारतीत शिरले की त्यांच्याच डोळ्यांनी बघते, आणि त्याचा मला राग येतो. पण ज्या माणसानं शिकवलं त्याचे पाय धरलेच पाहिजेत, असं मला कुठल्या कॉलेजात सांगितलं नाही.

मग ते कैचीचं झालं.

छप्पर एका बाजूला किंचित बसल्याची शंका होती. इंग्लंडात घर सोडवण्याआधी काढलेले जुने नकाशे ट्रस्टकडं होते. त्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं: मालकाच्या टोकाकडून दुसरी कैची, तिचा पाय भिंतीत कुजलेला, ठिगळ लावलंय. म्हणजे ते ठिगळ आता दमलं असणार. अडचण अशी, की कैच्यांचे पाय भिंतीत गाडलेले, आणि त्यावर गिलाव्यात केलेली द्राक्षवेलींची जुनी नक्षी. ती फोडल्याशिवाय पाय दिसत नाही, आणि फोडली की ती परत येत नाही. ट्रस्टनं एकाच ठिकाणी फोडायची परवानगी दिली. एकच.

सरांना विचार करायचं कारणच नव्हतं. चौथऱ्याकडून मोजा: एक, दोन. ही.

नितीन त्या वेळी मचाणावर चढून कैच्यांची मापं घेत होता. खाली उतरला तेव्हा हाताला, केसांना जळमटं. मी आणि सर खाली उभे होतो. दिवाणखान्यात आम्ही तिघंच.

"सर, एक सांगू का? आकडे उलटे आहेत."

"कसले आकडे?"

नितीननं सांगितलं ते असं. जुन्या इंग्रज सुतारांची एक पद्धत होती. कैचीची एक बाजू ते नीट तासायचे, खुंट्या त्याच बाजूनं ठोकायचे, आणि कैचीचा नंबरही तिथंच छिन्नीनं कोरायचे. ती चांगली बाजू नेहमी मालकाच्या चौथऱ्याकडं तोंड करून उभी करायचे, मागची ओबडधोबड बाजू गड्यांकडं. आणि नंबर मोजायचे मालकाकडून. ही पद्धत सरांनीच आम्हाला शिकवली होती. पण इथं पाचही कैच्यांची चांगली बाजू पडदीकडं होती, स्वयंपाकघराकडं. आणि एक नंबरची कैची पडदीला लागून होती.

"म्हणजे सर, कैच्या बरोबर उभ्या आहेत. चौथरा चुकीच्या टोकाला आहे. बटणवाल्याला खिडकीतून दरी दिसायला पाहिजे असेल, म्हणून त्यानं खिडकी न चौथरा इकडं घेतला, स्वयंपाकघर तिकडं टाकलं. कुजलेली कैची चौथऱ्याकडून दुसरी नाही, चौथी आहे."

मी वर पाहिलं. एकदा सांगितल्यावर ते इतकं उघड दिसत होतं, की हसू आलं. मग डोक्यात दुसरीच गोष्ट आली. म्हणजे सर रोज ज्या टेबलाशी बसून पोळी कापत होते, ते गड्यांचं टोक होतं, आणि आमचा बाक मालकाच्या जागी. मी नितीनकडं पाहिलं. त्याच्याही ते लक्षात आलेलं होतं. तो ओठ दाबून उभा होता. माझ्या मते सरांनी ते ओठ पाहिले. पुढचं सगळं त्या ओठांमुळं झालं, असं मला आजही वाटतं.

"मालक स्वयंपाकघराच्या तोंडाशी बसला असं म्हणतोस तू?"

"मालक नाही सर, त्यानं कुठं बांधलं? बांधणारे न्यू जर्सीचे होते. त्यांना काय माहीत साहेब कुठं बसते."

"आणि तुला माहीत?" सर म्हणाले. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. "वानखेडे, वरचं टोक आणि खालचं टोक हे पुस्तकातून कळत नाही. ते घरात असावं लागतं."

त्या एका दिवशी त्यांनी त्याला आडनावानं हाक मारली. का मारली, ते त्यालाही कळलं आणि मलाही. मी म्हटलं, "सर, हे काय बोलणं झालं?" ते म्हणाले, "लातूर, मी लाकडाबद्दल बोलतोय."

नितीन शांतपणे म्हणाला, "सर, बारीक सुईचं ड्रिल मागवू. आत लाकूड नरम आहे का कडक, गिलावा न फोडता कळते. दोन्ही कैच्या तपासू."

"या घराच्या अंगात सुया खुपसायच्या नाहीत. ड्रॉइंगवर नंबर चौथऱ्याकडून घाल. आणि दुसऱ्या कैचीवर फोडायची खूण कर."

"सर, मी चौथरा न धरता..."

"सांगितलं तसं कर."

त्यानं केलं. नोकरी त्यांच्या हातात होती, आणि व्हिसा नोकरीच्या.

फोडलं त्या दिवशी मी तिथं होते. ती नक्षी करवतीखाली गेली, पाल्यासकट, द्राक्षांसकट. धूळ खाली बसली. आत कैचीचा पाय निघाला तो असा ठणठणीत, की सुताराची छिन्नी त्यावरून घसरली. ठिगळ नाही, कीड नाही, काही नाही. सरांनी त्या भोकात एकदा डोकावलं. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी जाकिटावरची धूळ झटकली, आणि धूळ झटकता झटकताच ते ठरवून मोकळे झाले असणार, कारण पुढं त्यांची जीभ एकदाही अडखळली नाही.

ट्रस्टची मीटिंग दिवाणखान्यातच झाली. अध्यक्ष म्हणून एक वयस्क बाई होत्या; त्या फोडलेल्या जागेकडं बघून रडायच्याच बाकी होत्या. त्यांनी विचारलं, हे कसं झालं? सरांनी ड्रॉइंग टेबलावर पसरलं. कोपऱ्यात काढणाऱ्याची सही असते, तिथं बोट ठेवलं. इंग्रजीत म्हणाले, नंबर टाकताना आमच्या मुलाची गफलत झाली, आणि मी त्याच्यावर विश्वास टाकला, ही माझी चूक. ती चूक त्यांनी अशी कबूल केली, की बाईंना त्यांचंच वाईट वाटलं.

नितीन तिथंच उभा होता. त्याच्या तोंडून "मॅम..." एवढंच निघालं. मी उठून म्हटलं, "हे खरं नाही. नितीननं बरोबर सांगितलं होतं. नंबर सरांनी बदलायला लावले. मी तिथं होते."

सर माझ्याकडं वळले. रागानं नाही, कौतुकानं. मग बाईंना म्हणाले, ही मुलं एकमेकांना फार सांभाळून घेतात, आमच्या संस्कृतीत असतं तसं. बाईंनी मान हलवली. आमच्या संस्कृतीबद्दल त्यांना तेवढंच ऐकायचं होतं.

मी मेगकडं गेले. मेगनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण ट्रस्टचं काम बिवलकरांच्या नावावर आहे. ते गेले तर काम जातं. कुणाला तरी जावं लागेल." महिनाभरानं ट्रस्टनं नाइलाजानं परवानगी दिली आणि चौथी कैची उघडली. आत जुनं ठिगळ होतं आणि ठिगळाभोवती लाकडाचा नुसता भुगा. तोवर नितीनची नोकरी गेली होती. मी म्हटलं, आता तरी त्याला परत बोलवा. मेग म्हणाली, "झालेलं झालं."

नोकरी गेली की व्हिसावरच्या माणसाला दुसरी शोधायला दोनेक महिने मिळतात. नाही मिळाली तर सामान बांधायचं. नितीननं दोन महिने फिलाडेल्फियापासून बॉस्टनपर्यंत एक फर्म सोडली नाही. कामं बघून लोक खूश व्हायचे, आता ऑफर येणार असं वाटायचं, आणि मग एकदम शांतता. "का होऊन राहिलं समजत नाही यार," तो म्हणायचा. "शेवटच्या दारापर्यंत जातो न दार लागते." ते निघाले तेव्हा मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. ओवी मागच्या सीटवरून विचारत होती, "Is Nagpur near Edison?" प्राजक्ता म्हणाली, "हो बाळा, जवळच आहे." नितीन खिडकीतून बाहेर बघत होता.

ते दार कोण लावत होतं हे मला वर्षभरानं कळलं. मी फर्म सोडून दुसरीकडं लागले होते. नवा बॉस एकदा जेवताना सहज म्हणाला, "तुमच्या त्या ऑफिसातला एक ड्राफ्ट्समन आम्ही जवळजवळ घेतलाच होता. फार चांगला हात. पण त्याच्या वरिष्ठांना फोन केला, तर ते म्हणाले, नाइस बॉय, केअरलेस आय. मग सोडून दिला."

म्हणजे दार सर लावत होते. मीटिंगमध्ये स्वतःला वाचवलं, ते एक वेळ मी समजू शकते. भीतीनं माणूस खोटं बोलतो. पण नंतर? नितीन गेला होता, ट्रस्टचं काम सुरळीत होतं, सरांना कुणी काही विचारत नव्हतं. एका फोनवर 'चांगला मुलगा आहे, घ्या' एवढं म्हणायला काय लागत होतं? ते म्हणाले नाहीत, कारण तसं म्हटलं असतं तर मग ड्रॉइंगवरची चूक कुणाची, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. निदान त्यांच्या स्वतःच्या मनात तरी. तो राहू नये म्हणून त्यांनी एक कुटुंब देशाबाहेर जाऊ दिलं. मी याला दुसरं नाव शोधून पाहिलं. सापडलं नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मंडळाच्या सहलीत. सर निवृत्त होऊन त्याच मॅनरमध्ये हौशी गाइड झाले होते. सुमेधाताईंनी बस ठरवली, पुलाव-कोशिंबिरीचे ट्रे घेतले, आणि आम्ही चाळीसेक माणसं त्या दिवाणखान्यात जाऊन उभी राहिलो. सर थकलेले दिसत होते, जाकीट खांद्यावरून सैल झालं होतं. पण आवाज तसाच.

"मित्रहो, या दिवाणखान्याची एक गंमत आहे. हा उलटा आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं. चांगली बाजू, खुंट्या, नंबर, बटणवाल्याची दरी. मूळ नितीनचंच, पण सजवून. शेवटी म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागून विचारलं, "सर, हे लक्षात कुणाच्या आलं?"

त्यांनी मला ओळखलं. "ये, ये, लातूर. आमच्या टीमच्या लक्षात आलं."

"टीममध्ये कुणाच्या?"

"आता नावं कशाला?"

"नितीन वानखेडेच्या," मी मोठ्यानं म्हटलं. "तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत, चुकीची भिंत फोडलीत, आणि दोष त्याच्यावर टाकलात. त्याची नोकरी गेली. मग जिथं जिथं तो गेला तिथं तुम्ही त्याला केअरलेस म्हणालात. तिघांना परत जावं लागलं."

एक लहान मूल "मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" असं विचारत होतं. सुमेधाताई माझ्या कोपराला धरून कुजबुजल्या, "अगं, आज सहल आहे. ट्रे गार होतायत. चला, चला सगळे." माणसं सुटल्यासारखी लॉनकडं निघाली. दिवाणखान्यात मी आणि सर राहिलो.

मला वाटलं आता चिडतील. ते चिडले नाहीत. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "कसा आहे तो?"

"नागपुरात आहे. एका बिल्डरकडं अपार्टमेंटच्या जिन्यांची ड्रॉइंग्ज काढतो."

"अरे वा," सर म्हणाले. "म्हणजे लाइनमध्येच आहे."

त्यांना ते खरंच बरं वाटलं होतं. चेहरा जरा मोकळा झाला होता, अंगावरचं ओझं उतरावं तसा.

"एक फोन करा त्याला," मी म्हटलं. "माफी मागू नका. तुझं मोजणं बरोबर होतं, एवढंच सांगा. तो अजून विचारतो मला, की मॅडम, कुठं चुकलं असेल. दार कोण लावत होतं ते मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा."

"दे नंबर."

मी एकेक आकडा सांगितला, त्यांनी फोनमध्ये घातला. चष्मा कपाळावर सरकवून, फोन डोळ्यांजवळ धरून, सावकाश. नावही घातलं. तो फोन नितीनला कधी आला नाही. मी पुढं दोनदा नितीनला विचारलं, मग विचारणं सोडलं.

पण त्या दिवशी ते मला माहीत नव्हतं. मी दारापर्यंत पोचले तेवढ्यात बाहेरून अमेरिकन पाहुण्यांचा पुढचा घोळका आत आला. मला बाजूला व्हावं लागलं. मागं वळून पाहिलं, तर सरांनी फोन खिशात टाकला होता, जाकिटाचं बटण लावलं होतं, आणि एक हात कैच्यांकडं उचलून ते नव्या माणसांसमोर उभे राहिले होते. इंग्रजी त्यांचं फार सुंदर होतं. या छपराबद्दल, ते म्हणाले, मला पहिल्यापासून शंका होती.